खलफानचा सलाम आणि काळ्या काचा

इब्री गावच्या बाजारात खलफान बिन हमूदला कुणी आधी सलाम केला, असं गेल्या चाळीस वर्षांत घडलेलं नव्हतं. गाडीतल्यानं पायी चालणाऱ्याला आणि चालणाऱ्यानं बसलेल्याला आधी सलाम करायचा, ही आमच्याकडची रीत सगळेच पाळतात. खलफाननं मात्र तिचा ध्यासच घेतला होता. तीस वर्षं शाळेची बस चालवताना एक हात स्टिअरिंगवर आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं कायम वर. निवृत्त झाला, बस गेली, बोटं तशीच राहिली. आता घरची पांढरी लँड क्रूझर घेऊन खजूर आणायला निघाला तरी न्हाव्याला, मासळीवाल्याला, मशिदीच्या पायरीवरच्या म्हाताऱ्यांना आणि झालंच तर वळणावरच्या पाण्याच्या टाकीलाही सलाम जायचा.

टाकीचं कारण फक्त त्याच्या बायकोला, झुवैनाला ठाऊक होतं. दोन वर्षांपासून खलफानला रस्ता दिसायचा, गाड्या दिसायच्या, पण उन्हाच्या चकाकीत माणसांचे चेहरे ओळखू येत नसत. चष्मा लावावा तर लोक म्हातारा म्हणतील. म्हणून रस्त्याकडेला जे उभं दिसेल त्याला सलाम ठोकून तो मोकळा व्हायचा. एका उंटानं तर म्हणे मान हलवून उत्तरही दिलं होतं.

खलफानच्या या कीर्तीनं सर्वात जास्त पोट दुखायचं ते मुहन्नाचं. मुहन्नाचं हलव्याचं दुकान बाजाराच्या तोंडाशीच. दुकानाबाहेर खुर्ची टाकून तो बसायचा आणि कढईपेक्षा रस्त्यावर जास्त लक्ष ठेवायचा. एकदा, फक्त एकदा खलफानच्या आधी आपला हात वर जावा, एवढीच त्याची इच्छा. त्यापायी वीस वर्षं गेली आणि कितीतरी हलवा तळाला लागला. लागलेला हलवा तो ‘खास खरपूस’ म्हणून विकायचा, ही गोष्ट वेगळी.

त्या वर्षी वसंतात झुवैनाच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. नजर लख्ख झाली, इतकी की शेजारणीच्या भिंतीवरची पाल तिला आपल्या अंगणातून दिसू लागली. पण ऊन सोसेना. दर गुरुवारी ती खलफानच्या गाडीतून बहला गावी धाकट्या बहिणीकडे, रायाकडे जायची. तासाभराची वाट, आणि तिथे पोचल्यावर कॉफीच्या सुरईभोवती दोघी बहिणी आठवडाभराच्या बातम्या उलगडून बसायच्या. कुणाच्या सुनेनं काय शिजवलं, कुणी ते का खाल्लं नाही, इथपर्यंत. आता जूनच्या उन्हात ती गाडी म्हणजे भट्टी, आणि चारी बाजूंच्या काचांतून सुया टोचाव्यात तसा उजेड. बहलाला पोचेपर्यंत झुवैना डोळ्यांवर ओढणी दाबून बसलेली, आणि पोचल्यावर निम्मा वेळ अंधाऱ्या खोलीत पडलेली.

तिसऱ्या गुरुवारी तिनं सरळ सांगितलं, “सालिमच्या बापा, काचांना काळी फिल्म लाव. नाहीतर मी आता बहलाला जात नाही.”

खलफानच्या हातातला खजूर हातातच राहिला. “काळ्या काचा लावल्या तर माझा हात कुणाला दिसणार?”

“चाळीस वर्षं लोकांनी तुझा हात पाहिला. मला माझ्या बहिणीचं तोंड पाहायचंय.”

खलफाननं आधी पळवाटा शोधल्या. नातवासाठी सालिमच्या गाडीत लावलेला बदकांच्या चित्रांचा जाळीदार पडदा आणून लावला. तो पहिल्याच वळणाला गळून झुवैनाच्या मांडीवर आला. मग ओला टॉवेल लटकवला. तो दहा मिनिटांत वाळून पापड झाला. झुवैना खरंच घरी बसली. एक गुरुवार गेला, दुसरा गेला. राया फोन करायची, पण फोनवर बोलण्यात ती गंमत कुठली? आवाज कितीही खाली आणला तरी भुवया कशा उडवून दाखवणार? घरात बायको गप्प, कॉफी पातळ. शेवटी एका सकाळी खलफान गाडी घेऊन कोयाच्या दुकानात गेला.

कोया केरळचा, पण वीस वर्षं इब्रीत काढून इथलाच झालेला. त्यानं कायद्यात बसेल तेवढ्या गडद फिल्मचे तुकडे कापले, साबणाच्या पाण्यानं काचा भिजवल्या आणि बुडबुडे पुसत पुसत, गावच्या रीतीनं मुलाच्या नावानं हाक मारत विचारलं, “अबू सालिम, पुढच्या दारांनाही लावायची?”

“सगळीकडे लाव,” खलफान म्हणाला. मरायचंच तर अर्धवट कशाला, असा त्याचा चेहरा.

दुपारी तो एकटाच बाजारातून निघाला. आत गारवा होता, चकाकी नसल्यानं बाजूचं नीट दिसत होतं, आणि हात सवयीनं वर गेला. न्हाव्यानं मान खाली घातली. मासळीवाला माशांकडे बघू लागला. मशिदीच्या पायरीवरचे म्हातारे एकदम आपापल्या चपला न्याहाळू लागले. खलफाननं गाडी वळवून पुन्हा तोच रस्ता धरला, पुन्हा तेच. तिसऱ्या फेरीला मुहन्नानं तर खुर्चीच भिंतीकडे फिरवली. समोरची काच मोकळी होती, पण त्या उन्हात बाहेरून तिच्यावर आभाळाच्या प्रतिबिंबाशिवाय काही दिसत नव्हतं.

चौथ्या फेरीनंतर खलफान घरी आला तो मलूल होऊन. आपण कुणाच्या मयताला गेलो नाही, कुणाच्या लग्नात पोटभर जेवलो नाही म्हणून नाराजी ओढवली, हे तो बसल्या जागी आठवत राहिला. वाळीत टाकलं म्हणाला, साऱ्या गावानं.

झुवैना पोट धरून हसली. “अरे, काळ्या काचांची गाडी आली की आत बायका असणार, म्हणून भली माणसं नजर खाली घालतात. तूही आयुष्यभर तेच केलंस ना?”

केलं होतं खरं. ते आठवून त्याला हसूही आलं आणि अर्धं ओझंही उतरलं. उरलेलं अर्धं संध्याकाळी मुहन्नानं पुन्हा डोक्यावर ठेवलं. मशिदीच्या दारात त्यानं खलफानचा हात दाबून धरला आणि हळूच विचारलं, “मग? कुठली आहे?”

“कोण कुठली?”

“लपवू नकोस. झुवैना त्या वेळी घरी होती, माझी बायको तिच्याकडेच बसलेली. आणि तुझी गाडी बाई घेऊन चार वेळा बाजार फिरली. नवीन बायकोला दुकानं दाखवतोस होय?”

खलफान त्रेसष्टाव्या वर्षी नवरदेव झाल्याची बातमी सूर्य मावळायच्या आत बहलापर्यंत पोचली. रायाचा फोन आला तेव्हा झुवैनाला इतकं हसू फुटलं की नव्या डोळ्यांना पाणी आलं. म्हणाली, दोन गुरुवार बुडाले, पण ही एक बातमी दोन्हींची भरपाई आहे. मग फोन ठेवून तिनं नवऱ्याकडे नीट पाहिलं. तो खिडकीशी बसून रिकाम्या रस्त्याकडे दोन बोटं उचलून बघत होता, सैल पडलीत का ते.

“उद्या कोयाकडे जा,” ती म्हणाली. “पुढच्या दोन दारांची फिल्म खरवडून टाक. मागच्या काचा राहू देत. मी मागे बसेन.”

“लोक म्हणतील, झुवैनानं ड्रायव्हर ठेवला.”

“तीस वर्षं काय होतास?”

लोक अर्थातच तेच म्हणाले. गुरुवारी खलफान पुढे, एकटा, फिल्म काढलेल्या काचेआड; मागे सावलीत झुवैना, पायाशी खजुरांचा डबा. बाजार जवळ आला तसा मागून तिचा आवाज सुरू झाला. सावलीत डोळे निवांत, नजर लख्ख, आणि पाहणारं कुणी नाही, म्हणून तिनं गावाकडे मनसोक्त पाहून घेतलं.

“उजवीकडे न्हावी, दाराशी. पुढे हमदचा धाकटा, सायकलवर. ती टाकी आहे, तिला सोड.”

खलफाननं टाकीला सोडलं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याचा प्रत्येक सलाम माणसाला जात होता आणि नावानिशी जात होता.

“मुहन्ना खुर्चीत नाही,” ती म्हणाली. “थांब. खांबामागे लपलाय, हात खांद्यापर्यंत आलाय त्याचा. आत्ता.”

खलफाननं काच खाली केली आणि खांबाच्या रोखानं दोन बोटं उचलली. “सलाम, मुहन्ना! कढईतून धूर निघतोय.”

मुहन्ना अर्धा वर गेलेला हात घेऊन खांबामागून बाहेर आला. काय करावं न कळून त्यानं त्याच हातानं डोकं खाजवलं, आणि मग उत्तरादाखल सलाम केला. आत गडद काचेमागे कुणीतरी हसतंय असा त्याला भास झाला; पण तो भला माणूस, नजर खाली घालून उभा राहिला.

खलफाननं काच वर केली. बहलाची वाट तासाभराची होती, आणि झुवैनानं तेवढ्यात मासळीवाल्याच्या सासूबद्दल सुरुवातही केली होती.