कोरफडीला आवतण

चिखलीच्या मंजुळाबाई रोज तिन्हीसांजेला दारातल्या कोरफडीला हळदकुंकू वाहायच्या, तांब्याभर पाणी घालायच्या आणि म्हणायच्या, "उद्या यायचं बरं का." औषधाला पान तोडायचं तर आदल्या दिवशी आवतण द्यावं, नाहीतर गुण येत नाही, असं त्यांच्या आईचं सांगणं होतं. कोरफडही आईनंच दिलेली. आई गेल्यावर माहेरचं म्हणून तेवढंच राहिलं होतं, फुटक्या रांजणाच्या बुडात.

पिंपरीकडं कारखाने उभे राहिले आणि गावातली माणसं हात पोळून, अंगावर चट्टे घेऊन दारात येऊ लागली.

"काल आवतण दिलं हुतं?" मंजुळाबाई विचारायच्या.

"काल कुठं भाजलं हुतं, काकी? तुमचं रोजचं हाय की."

"ते माज्या नावाचं. तुजं तू दे."

माणसं शहाणी झाली. शेजारची सुभद्राबाई तळणाच्या आदल्या दिवशीच येऊन जायची. भट्टीवर कामाला असलेला सोपानराव तर आठवड्याचं एकदम देऊन टाकायचा, सात तांबे. एका शनिवारी तो खालमानेनं आला.

"काकी, बोलावलं खरं, पर कुठंच भाजलं न्हाई."

"पाव्हणा बोलावून उपाशी धाडलास की रं! आता रुसंल ती."

सोपानराव ओशाळून चुलीकडं सरकला आणि बोट निखाऱ्याकडं नेऊ लागला.

"बोट काढ, मुडद्या!"

आणि कोरफड खरंच रुसली. पानं पिवळी पडली, बुडखा लिबलिबीत झाला. सोपानरावाच्या वतीनं अर्धी आळी माफी मागायला आली, प्रत्येकाच्या हातात भरला तांब्या.

शेवटी मंजुळाबाईंनी मातीत हात घातला. नुसता चिखल, कुजका वास.

"रुसली न्हाई गं," त्या सुभद्राबाईला म्हणाल्या, "पाव्हणचारानं बुडाली."

सडकं कापून त्यांनी उरलेली कोरफड चौकटीला उलटी टांगली. तिथं कुणाचा तांब्या पोचेना. महिन्याभरात तिला वरच्या अंगाला वळलेला कोंब फुटला. गाव मान वर करून कोरडंच आवतण देऊ लागलं. मंजुळाबाईही द्यायच्या, रोज. स्वतःसाठी पान मात्र त्यांनी कधी तोडलं नाही.

ज्या दिवशी दुपारी त्या झोपेतच गेल्या, त्याच दिवशी सकाळी त्यांच्या मनगटावर ऊन दूध उडालं होतं. सुभद्राबाई विळा घेऊन धावली. "काकी, तुमचं तर कालचं आवतण हाय. तोडू?"

मंजुळाबाईंनी चौकटीकडं पाहिलं.

"ऱ्हाऊ दे. एवढ्याशाला कशाला तिला? आदी दूध उतरव."