दारफळणीचा पाहुणा

येमिमा मावशीनं आपल्या मुलाच्या खुन्याला घरात कोंडलंय आणि ती त्याला उपाशी मारतेय, ही बातमी १९६३ सालच्या योम किप्पूरला, आम्हा यहुद्यांच्या मोठ्या उपासाला, सकाळी इस्राएलमधल्या आमच्या डिमोना गावात सिनेगॉगच्या अंगणात पोचली आणि दुपारपर्यंत तिला हातपाय फुटले. पनीना किहीमकर पांढऱ्या साडीचा पदर खोचून सांगत होती, "अगं, ह्या माझ्या डोळ्यांनी बघितलं ना! पोरगं आत गेलं, अन् खाड! कडी! पाण्याचा थेंब देत नाही त्याला." कुणी त्यात कोयता घातला, कुणी दोरखंड.

खरं सांगायचं तर पोरगं आपल्या पायांनी आत गेलं होतं. खुनी असं त्याला कुणी ठरवलेलं नव्हतं. उपाशी होतं हे खरं, पण त्या दिवशी पनीनासकट सगळं गावच उपाशी होतं. कोयता आणि दोरखंड आले होते ते सिनेमातून. महिन्यापूर्वी कामगारांच्या हॉलात एक चित्र लागलं होतं: दोन लंगोटीयार, एक चोरी, एकाला गोळी लागते, आणि मेलेल्याची आई दुसऱ्याला गोदामात कोंडते. अख्ख्या डिमोनानं सूर्यफुलाच्या बिया फोडत ते पाहिलं, शेवटी नाकं शिंकरली आणि पुन्हा तिकिटं काढली. येमिमा मावशी गेली नव्हती. तिच्या घरी वेगळं काय चाललं होतं?

येमिमा झिराडकर आणि लेआ नवगावकर कोकणात एका गल्लीत वाढल्या, एका विहिरीवर भांडल्या, एका बोटीतून इथं आल्या, आणि सरकारनं त्यांना शिकूनात, म्हणजे आमच्या चाळवजा इमारतीत, एकाच मजल्यावर समोरासमोर घरं दिली, आणि त्यांच्या खालचं आम्हाला. येमिमाचा रूबी आणि लेआचा अव्नेर सदऱ्यांचीसुद्धा अदलाबदल करायचे. कुणाचा कुठला हे आयांनाही कळायचं नाही, मग दोघीही ज्याच्या अंगावर असेल त्याला धुवायला काढायला लावायच्या.

वसंतातल्या पेसाहच्या सणानंतर दोघांनी एका बांधकामावरून तांब्याच्या तारेनं भरलेली लॉरी पळवली. बेर शेवाच्या रस्त्यावर वळणावर ती उलटली. पोलिसांना तिथं एकटा रूबी सापडला, मेलेला. एक मुलगा सापडला म्हणून एक चोर, असं ठरवून ते मोकळे झाले. अव्नेर त्याच आठवड्यात किर्यात गात गावी मामाकडे कामाला गेला.

आता रूबीला सायकलसुद्धा धड चालवता येत नव्हती. हे येमिमाला ठाऊक, लेआला ठाऊक, जिन्यावरच्या मांजरालाही ठाऊक. पण बोलायचं कसं? बोललं तर लेआचा एकुलता एक तुरुंगात. गप्प बसलं तर आपला मेलेला मुलगा कायमचा एकटा चोर. येमिमानं बोलायला तोंड उघडलं की समोरचं दार दिसायचं, मिटलं की रूबी दिसायचा. मकोलेतमध्ये, म्हणजे वाण्याकडे, बायका तिला पाहिल्यावर लॉरी हा शब्द गिळायच्या आणि त्याऐवजी मोठ्यानं टमाट्याबद्दल बोलायच्या. तिनं खिडक्यांच्या फळ्या खाली ओढून घेतल्या त्या उघडल्याच नाहीत. लेआ येमिमाची कडी वाजून पावलं जिन्याखाली जाईपर्यंत आपल्या दाराआड थांबायची. जन्मभराच्या मैत्रिणी एकमेकींच्या कडीचा आवाज ऐकत जगत होत्या.

मग योम किप्पूर आला. कोकणात आमची माणसं त्याला दारफळणीचा सण म्हणत. अंघोळ करायची, पांढरं नेसायचं, सूर्य बुडायच्या आत दार लावायचं, ते उघडायचं नाही. ना कुणी आत, ना कुणी बाहेर. त्या दिवशी घरातले मेलेले घरी येतात आणि दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाच्या सकाळी, परत जातात. इथं आल्यावर हे सगळे विसरले. सगळे सिनेगॉगला जाऊ लागले. येमिमा मावशी तेवढी विसरली नाही, आणि या वर्षी तर तिच्याकडे येणारं माणूस नवीन होतं.

सणाआधी ज्याचं वाईट केलं त्याच्या दारी जाऊन माफी मागायची, एवढं मात्र पोरांनाही माहीत असतं. अव्नेर आदल्या संध्याकाळी शेवटच्या बसनं आला. उभ्याउभ्या "स्लिखा", माफ कर, म्हणायचं आणि समोर आईकडे उपासाआधीचं जेवायला बसायचं, असा त्याचा बेत. लेआनं कोंबडीसुद्धा वाढून ठेवली होती.

"मावशी, स्लिखा," तो उंबऱ्याच्या आत येऊन म्हणाला.

"कशाबद्दल रे?"

"अशीच. सगळ्याबद्दल."

येमिमानं त्याच्या मागे हात घालून दार लावलं. "सगळ्याबद्दलची माफी माझ्याकडे मिळत नाही. सूर्य बुडाला. आता परवा सकाळपर्यंत बस."

"मावशी, आई जेवायला..."

"दारफळणी आहे बाबा. मी काय करू? मी केली का दारफळणी?"

तिनं त्याला रूबीचा पांढरा सदरा दिला. त्यानं तो घातला आणि बटणं लावता लावता थांबला. सदरा मुळात त्याचाच होता.

रात्र गेली. सकाळी लेआ दारावर आली. "येमे! येमे गो! पोराला सोड! पनीना काय काय सांगते..."

"तुझं दार कसं उघडं ग?" आतून येमिमा. "दारफळणीला भटकतेस? आजी असती तर पाठीत घातलं असतं."

"पाणी तरी दे त्याला!"

"तू प्यालीस?"

"नाही."

"मी प्याले? मग तो कोण लागून गेला? बस तिथंच जिन्यावर."

लेआ बसली. आत अव्नेर घरभर फिरत होता. घर ते केवढं! चार पावलं टाकली की भिंत, वळलं की न्हाणीघर, पुन्हा वळलं की ती रिकामी खुर्ची. भिंतीला लावलेली, वर घडी केलेला पांढरा टॉवेल. प्रत्येक फेरीत तो तिच्याशी आला की अंग चोरायचा.

"तिथं कोण बसणार आहे?" त्यानं शेवटी हिब्रूत विचारलं. अडचणीत आला की तो हिब्रूत शिरायचा.

"बसलाय," येमिमा मराठीत म्हणाली. "काल तुझ्या आधी आला. मला काही सांगू नकोस अव्नेर, मी बाई परकी. त्याला सांग. पण तो तिथं होता हे लक्षात ठेवून सांग."

दुपार कलली. फळ्यांमधून उन्हाच्या पट्ट्या खुर्चीवरून सरकत भिंतीवर गेल्या. अव्नेर खाली बसला आणि खुर्चीकडे बघून, मराठीत, लहानपणीच्या मराठीत बोलला.

"लॉरीची आयडिया तुझी होती, रूबी."

हे येमिमाला नको होतं. सहा महिने ती पोराचं नाव धुवायला बसली होती, आणि पहिलाच हात फिरला तर रंग पक्का निघाला.

"पण चालवत मी होतो. तू म्हणालास हळू घे. मी घेतली नाही. मग तू मला हाक मारलीस, लॉरीखालून. दोनदा." त्यानं नाक पुसलं, रूबीच्या, म्हणजे आपल्याच, सदऱ्याच्या बाहीला. "मी पळालो."

दाराबाहेर लेआच्या बांगड्या वाजल्या, मग वाजायच्या थांबल्या. तिनंही ऐकलं होतं.

मग येमिमा म्हणाली, "हाक मारली तेव्हा जिवंत होता."

"हो."

"हे मी माफ करणार नाही. आज नाही. पुढचं माहीत नाही. पण हळू घे म्हणाला, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ते पोलिसांना सांग. सगळं सांग, आयडियाचंही. अर्धं सांगितलंस तर तो पुढच्या वर्षी येईल ना, तेव्हा मी काय तोंड दाखवू?"

उपास सुटला तेव्हा तिनं मनुकांचं सरबत त्याच्यापुढे ठेवलं. दार नाही उघडलं. दाराखालच्या फटीतून एक पेला मात्र सरकवायचा प्रयत्न झाला. पेला उंच होता, मग सरबत बशीतून गेलं. लेआ बशीतून सरबत प्याली.

शिळ्या सणाला सकाळी दार उघडलं. सगळा जिना माणसांनी भरला होता, कोयता बघायला. अव्नेर बाहेर आला, वाळलेला पण धड. आईच्या खांद्याला हात लावला आणि खाली उतरला. लेआनं त्याला धरून ठेवलं नाही. पोलीस ठाणं आणि बसचा थांबा एकाच रस्त्यावर, एकाच बाजूला. गच्चीत येमिमा मावशीच्या शेजारी उभी राहून मी म्हटलं, "मावशी, हा बस पकडणार. लावतेस पैज?"

"लाव. हरलीस तर वर्षभर माझा रॉकेलचा डबा तू चढवायचास."

अव्नेर थांब्यापाशी पोचला आणि थांबला. बस आली, त्याच्या पुढ्यात उभी राहिली. तो दिसेना. बस हलली, थांबा रिकामा. मी नाचलेच! "गेला! गेला! जिंकले!"

"डोळे धू," मावशी म्हणाली.

बस वळून गेली, आणि तिच्या धुळीपलीकडे पांढरा सदरा ठाण्याच्या पायऱ्या चढत होता.

रॉकेलवाल्याची घंटा वाजली की मी आता खाली धावते. पैज एका डब्याची होती, पण वर पोचले की मावशी बोटानं समोरचं दार दाखवते आणि म्हणते, "तिचाही."