शेवटचा परिच्छेद कापा

छावणीतल्या आमच्या चर्चची चार कुटुंबं मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवतात. गणित आणि विज्ञान त्या मुलांच्या आया बघतात. मराठी माझ्याकडे आलं, कारण हायस्कुलातून निवृत्त झाल्यावर मी घरात बसून सगळ्यांच्या लग्नपत्रिकांतल्या चुका काढत होते आणि त्याला सगळे कंटाळले होते. आता मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी माझ्या ओट्यावर नऊ मुलं सतरंजीवर बसतात.

पहिल्याच आठवड्यात मी एक गोष्ट वाचून दाखवली. वाचून झाल्यावर सगळ्यात धाकटीनं वही उघडली आणि विचारलं, "टीचर, याचं सुवर्णवचन कोणतं?" संडेस्कुलात प्रत्येक गोष्टीला पाठ करायचं एक वचन असतं. तसं या गोष्टीलाही असणारच, असं तिला वाटलं. काही गोष्टी नुसत्या आवडण्यासाठी असतात हे तिला पटवायला मला दिवाळी उजाडली.

निबंधांची गत त्याहून वाईट. विषय आंबा असो नाहीतर एसटीचा प्रवास, शेवटचा परिच्छेद प्रार्थनेचाच. 'हे प्रभू, तू आंबा निर्माण केलास म्हणून तुझे आभार मानतो, आमेन.' मी चिडायचे. प्रार्थनेशी माझं काही वाकडं नाही, मी स्वतः चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसते. पण निबंध म्हणजे निबंध. शेवटी मी नियमच केला: शेवटचा परिच्छेद कापा. पुढं पुढं तर तो वाचायचीही तसदी मी घेईना. लाल पेनाची एक तिरकी रेघ मारायची की झालं.

मार्चमध्ये विषय दिला, 'माझी संध्याकाळ'. तेरा वर्षांच्या एका मुलीनं फार छान लिहिलं. तिच्या आजोबांची नजर काचबिंदूनं गेली आहे. रोज संध्याकाळी ती त्यांना बायबल वाचून दाखवते. एखादी ओळ गाळली तर ते डोळे मिटल्या मिटल्या म्हणतात, "मागं जा, बाई." वाचून मला भरून आलं. मी 'उत्तम' लिहिलं, शेवटावर रेघ मारली आणि वही परत दिली.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आईवडील माझ्याकडे जमतात, मुलं आपलं लिखाण वाचतात आणि शेवटी प्रार्थना होते. त्या सकाळी, तिनं शुक्रवारी दिलेल्या वहीतला पक्का निबंध कच्च्याशी ताडून बघताना माझ्या रेघेखालचं मी पहिल्यांदा वाचलं.

'हे प्रभू, पप्पांना सांग, मला जूनमध्ये पुण्याच्या वसतिगृहात जायचं नाही. मी गेल्यावर आजोबांना कोण वाचून दाखवील? पप्पांनी फॉर्म भरलाय आणि ते लई खूश आहेत, म्हणून मला त्यांना सांगता येत नाही. तूच सांग. आमेन.'

माझी मलाच लाज वाटली. पस्तीस वर्षं मी मुलांना मनातलं लिहा म्हणून सांगत आले आणि एका पोरीनं लिहिलं तर त्यावर रेघ मारली.

मुलं यायला लागल्यावर तिला आत बोलावलं. "हे पप्पांना बोललीस का?"

"नाय, टीचर."

"आणि आजोबांना?"

"त्यांना कळलं तर तेच म्हणतील, जा म्हणून."

मी थोडा विचार केला. "आज शेवटची प्रार्थना तू कर."

तिनं वहीकडं पाहिलं. "कापलेलं वाचलं तर चालंल?"

"चालंल. माझी रेघ मी मागं घेते."

यात थोडा डाव होता हे कबूल करते. आमच्यात प्रार्थना चालू असताना कोणी मधे बोलत नाही. आणि तिच्या वडिलांचं 'आमेन' चर्चमध्ये सगळ्यात मोठं. प्रत्येक वाक्याला ते सवयीनं आमेन, म्हणजे 'तसंच होवो', म्हणतात, हे मला ठाऊक होतं.

ती उभी राहिली. सगळ्यांनी डोळे मिटले. "हे प्रभू, पप्पांना सांग, मला जूनमध्ये पुण्याच्या वसतिगृहात जायचं नाही."

"आमेन," वडील खणखणीत म्हणाले.

मी डोळे उघडले. त्यांचेही उघडले होते. मुलगी मात्र डोळे मिटून, वही छातीशी धरून, पुढचं पाठ म्हणत होती. त्यापुढच्या एकाही वाक्याला आमेन आलं नाही. ते तिच्याकडे बघत राहिले, आणि त्यांचा चेहरा बघवेना म्हणून मी पुन्हा डोळे मिटले.

चहा झाल्यावर ते फाटकापाशी थांबले. "टीचर, मी आमेन म्हणून बसलो."

"व्हय, सगळ्यांनी ऐकलं."

"तिनं मला सांगायचं ना."

"तुम्हालाच तर सांगितलं," मी म्हटलं.

मुलगी आधीच स्कूटरवर बसली होती. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, मग गाडी सुरू केली.

जूनमध्ये ती सतरंजीवर आपल्या जागी होती आणि तिचा पहिला निबंध माझ्याकडे आला, 'उन्हाळ्याची सुट्टी'. आजोबांबरोबर पैठणला नदीवर गेल्याचं लिहिलं होतं. लाल पेन घेऊन मी शेवटच्या परिच्छेदावर आले आणि या वेळी आधी वाचलं. 'हे प्रभू, टीचरना प्रत्येकाचं शेवटपर्यंत वाचायची सवय राहू दे.'

आमेन लिहायचं ती विसरली होती. ते मी लिहिलं.