बगीच्यात बसलेला पाहुणा

ती घटना आजही आठवते. संध्याकाळी आठवली तर मी उठून आधी दिवा लावतो.

निजामाच्या राज्यात मी गंगाखेडला अमीन होतो, म्हणजे आजचा फौजदार. गावाबाहेर गोदावरीच्या काठी एका जहागीरदाराचं आलिशान हॉटेल होतं. हवापालटाला थेट हैदराबादेतून बडे लोक यायचे. पुढे ते येईनासे झाले. बगीच्यात कुणीतरी मांडी घालून बसलेलं दिसतं, असं म्हणायचे. मी असल्या गोष्टी हसण्यावारी नेत असे.

मग एका गवळ्यानं ठाण्यात खबर दिली. "अमीनसाब, तिथला चौकीदार दर सोमवारी बगीच्यात एकाच जागी बेल वाहायलाय. तिथं ना देव हाय ना दगड."

पंचांसमक्ष ती जागा खणली. आधी कवटी लागली. सांगाडा आडवा नव्हता, मांडी घालून ताठ बसला होता. जवानानं फावडं बाजूला ठेवून हातानं माती सारली.

"जिता गाडला," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. मलाही तेच वाटलं.

चौकीदाराला अटक केली. किती दरडावलं तरी तो तोंड उघडेना. फासावर जाणार हे त्यालाही कळत होतं.

वालूरचा एक लिंगायत व्यापारी त्या हॉटेलातून बेपत्ता झाल्याची जुनी तक्रार होती. ओळख पटवायला त्याच्या बायकोला बोलावलं. खड्ड्याच्या काठाशी बसून तिनं सांगाड्याच्या डाव्या हाताकडं बोट केलं. हाडांत मळकं फडकं होतं. उलगडलं तर आत लिंगायत जन्मभर अंगावर बाळगतात ते इष्टलिंग.

"आमच्यात असंच बसवून पुरत्यात, साहेब," ती म्हणाली. "मारणारा हातात लिंग देईल व्हय?"

ते ऐकून चौकीदार ढसाढसा रडला. "पटकी झाली हुती त्यास्नी. हाटेलाचा कारभारी म्हणला, बोभाटा झाला तर पाव्हणे येणार न्हाईत, प्रेत नदीत सोड. बोललास तर लेकराबाळांसगट हाकलीन. पण जीव जाताना शेठजींनी माझा हात धरला हुता. म्हणले, मला बसवून ठेव."

"पाणी मागितलं का त्यांनी?" बाईनं विचारलं.

"मी पाजलं, माय."

तो सुटला आणि कारभाऱ्यावर मी मुकदमा भरला. पाहुण्यांना तिथं कोण दिसायचं, याचं उत्तर मात्र माझ्या तपासात नाही.

निघताना बाईनं पदरानं कुंकू पुसलं. ती आजवर रोज नवऱ्याचं ताट वाढून ठेवत होती, असं तिच्या दिरानं सांगितलं. मला फार वाईट वाटलं. गुन्ह्याचा बळी मेलेल्याइतकाच त्याची वाट पाहणाराही असतो, हे मी तिथं शिकलो. त्यानंतर बेपत्ता माणसाच्या घरी मी जवान कधी धाडला नाही. बातमी वाईट असली तरी स्वतः जाऊन सांगत आलो.