विमलने माफी मागितली नाही

सकाळी धायरीहून शैलाचा फोन आला. "तुझी ताई गेली गं..." एवढंच म्हणाली. माझी थोरली बहीण विमल आणि शाळेपासूनची तिची मैत्रीण शैला म्हातारपणी समोरासमोरच्या फ्लॅटमध्ये राहत होत्या. शोकसभेत कुणीतरी विमलताईला 'सोशिक' म्हटलं, तेव्हा शैला पहिल्या रांगेतून मोठ्याने म्हणाली, "अहो, तुमची सभा चुकली!" तो शब्द खोडावा म्हणूनच मी हे लिहिते आहे.

एकाहत्तरचं युद्ध सुरू झालं तेव्हा ताई तेरा वर्षांची होती, मी नऊची. खिडक्यांना काळे कागद चिकटवलेले, बाबा दारूगोळ्याच्या कारखान्यात जादा पाळ्या करत होते, शैलाचा दिनकरदादा सीमेवर. शाळेत पुस्तकांचं एक कुलूपबंद कपाट होतं. समुद्रप्रवासाचं त्यातलं एक जाडजूड पुस्तक ताई दोन वर्षं मागत होती. बाई विचारायच्या, "हात स्वच्छ आहेत का?" हा प्रश्न फक्त आम्हा बौद्ध मुलींना. ताई दोन्ही तळहात पुढे करायची, तरी कुलूप निघायचं नाही. युद्धात मात्र ते निघालं. लष्करी रुग्णालयातल्या जखमी जवानांसाठी पुस्तकांचे गठ्ठे बांधायचे होते. ताईने गठ्ठ्यातलं ते पुस्तक काढलं आणि दप्तरात घातलं. सरळ सांगायचं तर चोरलं.

बाकावर शेजारी बसणाऱ्या शैलाने ते पाहिलं. चहाडी नाही केली तिने, पण बाक बदलला. "ते जवानांचं आहे. माझ्या दादाचं आहे," म्हणाली, आणि बोलणं तोडलं. ताईला रडताना मी तेव्हा पाहिलं... पुस्तक मात्र ती वाचतच राहिली.

शेवटी पुस्तक कुठे गेलं असं बाईंनी वर्गात विचारलं तेव्हा ताई आपणहून उभी राहिली. "मी घेतलं. दोन वर्षं मागत होते."

"माफी माग."

"वाचून झालं की पुस्तक परत करते. माफी नाही मागणार."

बाबांना शाळेत बोलावलं. घरी आल्यावर ते म्हणाले, "लोक आपल्याकडे बोट दाखवायला टपलेलेच असतात. तू आयतं निमित्त दिलंस!"

"मी काही केलं नव्हतं, तेव्हाही दाखवतच होते की, बाबा."

बाबा भरल्या ताटावरून उठले. त्यानंतर कितीतरी दिवस त्या घरात ते दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. शाळेने तिला वर्गाबाहेर बसवलं. बाहेर बसून तिने पुस्तक संपवलं आणि मुख्याध्यापिकांना सांगितलं, "जवानांना मी स्वतः नेऊन देते."

युद्ध थांबलं होतं. दिनकरदादा त्याच रुग्णालयात होता, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधलेल्या. ताईने पुस्तक त्याच्या हातात दिलं. त्याने ते चाचपलं आणि हसून म्हणाला, "आता हे मी कसं वाचू?" ती स्टूल ओढून बसली आणि वाचायला लागली. त्यानंतर रोज शाळा सुटली की जायची. शैला आधी दारातच थांबायची, मग खाटेच्या पायथ्याशी बसू लागली. एका संध्याकाळी बाबा ताईला न्यायला आले, तर आजूबाजूच्या खाटांवरचे जवानही कान देऊन ऐकत होते. बाबा आत आले नाहीत. बाहेरच्या बाकावर बसून राहिले. परतताना त्यांनी एवढंच विचारलं, "त्या जहाजाचं पुढे काय झालं गं?"

दादाचा एक डोळा वाचला. ताई पुढे वकील झाली, आणि बाईंची माफी तिने अखेरपर्यंत मागितली नाही.

धायरीच्या घरात तिची पुढची खोली दर शनिवारी मुलांसाठी उघडी असायची. सोसायटीतली, शेजारच्या पत्र्याच्या वस्तीतली, सगळी मुलं जमिनीवर पसरून वाचायची. सोसायटीत 'बाहेरच्यांना मज्जाव' अशी नोटीस लागली, तेव्हा ताईने वकिली भाषेत चार पानी उत्तर पाठवलं होतं. ती गेल्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी शैला आणि मी तिथे होतो. सोसायटीचे सेक्रेटरी आले. "आता मॅडम नाहीत, तर हे बंदच ना?" त्यांनी विचारलं.

शैलाने दार पूर्ण उघडलं. "चपला बाहेर काढा," ती म्हणाली, "आणि आत येऊन बसा. मुलं वाचताहेत, जरा हळू बोला."