नवसाचे केस

मुलाच्या शाळेत केसांची लांबी मोजायला पट्टी लागत नाही. पीटीचे सर सकाळी फाटकात उभे राहतात, आत येणाऱ्या प्रत्येक पोराच्या डोक्यावर हात ठेवतात आणि अंगठा-बोटाची चिमूट करतात. चिमटीत केस सापडला की पोरगा बाहेर. बूट, बेल्ट, ओळखपत्र, नखं हे सगळं त्यानंतर. 'शिस्त लई कडक हाय,' असं आमच्या नांदेडात लोक शाळेची शिफारस करताना सांगतात. मीही तेच ऐकून आठवीला मुलाचं नाव तिथं घातलं होतं, त्यामुळे तक्रार करायला मला तोंडच नव्हतं.

शाळा सुरू झाली त्या पहिल्याच आठवड्यात फोन आला. मी विष्णुपुरीकडच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. नुकतीच जाऊन टेबलाशी बसले होते. पलीकडून पीटीचे सर म्हणाले, "म्याडम, पोराला घेऊन जा. मशीनची कटिंग करून आणा, एक नंबर." समोर एक पोरगा पुस्तक बदलून घ्यायला उभा होता. त्याचे केस खांद्यावर आलेले, वर रबरबँड. शाळेतून सुटून त्याला दोन-तीन वर्षं झाली असतील. कुणी त्याला काही म्हणत नव्हतं आणि त्याचं काही अडतही नव्हतं. मला त्याचा उगाचच राग आला.

स्कूटी वळवून शाळेशी आले तर मुलगा फाटकाबाहेर लिंबाच्या सावलीत उभा. शर्ट खोचलेला, बुटांना पॉलिश, दप्तर पोटाशी धरलेलं. सगळं नियमात, फक्त केस कानांवर. मला बघून तो एवढंच म्हणाला, "मम्मी, केस कापले तर मी शाळेत जाणार न्हाई. आत्ताच सांगून ठेवतो."

तो असं का म्हणतो हे मला विचारावं लागलं नाही. दोन वर्षांचा असताना त्यानं न्हाणीघरात गरम पाण्याचं पातेलं अंगावर ओढून घेतलं. मान आणि खांदा पुढे बरे झाले. डाव्या कानाच्या वर मात्र तळहाताएवढ्या जागेत केस परत उगवलेच नाहीत. तिथली कातडी गुलाबी, चकचकीत, कडेला सुरकुतलेली. पहिल्या शाळेत पोरांनी त्याचं नाव 'नकाशा' पाडलं. वर्गात भूगोलाचा तास लागला की पोरं त्याच्या डोक्यावर जिल्हे दाखवायची. सहावीपासून त्यानं केस वाढवले आणि ती जागा झाकली. नव्या शाळेत त्याला कुणी ओळखत नव्हतं, आणि मला ही शाळा कडक म्हणून हवी होती तर त्याला ती याचसाठी हवी होती. सुट्टीत तो रोज आरशासमोर डाव्या बाजूचा भांग पाडून बघायचा. आठवीतल्या पोराचा एवढाच हट्ट होता.

मी पीटीच्या सरांना बाजूला घेतलं. आवाज खाली आणून सांगितलं, "सर, त्याच्या डोक्याला भाजल्याची खूण आहे. पोरं चिडवतात. थोडे केस राहू द्या."

सरांचं अर्धं लक्ष फाटकाकडे होतं. "म्याडम, खूण कुणाच्या डोक्याला नसती? मी लहानपणी झाडावरून पडलो, माझ्याबी हाय," असं म्हणून त्यांनी स्वतःच्या कपाळावरचा बारीक व्रण दाखवला आणि लगेच एका उशिरा आलेल्या पोरावर खेकसले. माझं बोलणं त्यांच्या कानांत शिरलंच नाही. मी तशीच हेडसरांकडे गेले.

हेडसर माणूस वाईट नव्हते. खुर्ची दिली, पाणी दिलं. पण नियम म्हटल्यावर त्यांचा सूर बदलायचा. "एकाला सूट दिली की उद्या दहा जण येतात." खिडकीतून मैदान दिसत होतं. तिथं पटका बांधलेली दोन शीख मुलं रांगेत उभी होती. हेडसरांनी माझी नजर ओळखली. "त्यांचं वेगळं आहे. तो त्यांचा धर्म आहे. धर्माच्या आड शाळा येत नाही."

त्या मुलांबद्दल माझं काहीच म्हणणं नव्हतं. पण पोराला लाज वाटते हे कारण या खोलीत चालत नाही आणि देवाचं कारण चालतं, एवढं मला त्या वाक्यानं कळलं. आणि मी, जी देवघरात दिवासुद्धा आठवण आली तर लावते, ती बोलून गेले, "सर, आमचाही नवस आहे."

"कोणत्या देवाचा?"

"खंडोबाचा."

हेडसर खुर्चीत सरळ बसले. "अहो मग हे आधी नाही का सांगायचं? कधी फेडायचा?"

चंपाषष्ठी अजून लांब होती. "चंपाषष्ठीला," मी म्हटलं. तोवर पुढचं पुढे बघू, असा हिशेब. हेडसरांनी पीटीच्या सरांना बोलावून सांगितलं. सरांनी देवळात आल्यासारखे हात जोडले, आणि फाटकाशी येऊन माझ्या मुलाच्या डोक्यावर चिमूट न करता नुसता हात ठेवून म्हणाले, "जा, वर्गात जा." मुलानं माझ्याकडे असं पाहिलं की मला हसू आवरेना.

पुढचे काही महिने बरे गेले असं म्हणवत नाही. मुलगा आनंदात होता. मीच ठिकाणावर नव्हते. शाळेचा नंबर फोनवर दिसला की मी तो उचलायच्या आधी दोनदा वाजू द्यायचे. त्यात नवसाची साथ पसरली. आधी वर्गातल्या एकाला आठवलं की त्याच्याही घरी नवस बोललेला आहे. मग आणखी तिघांना. आमच्याच गल्लीतल्या शिंपीकाम करणाऱ्या भाभींचा मुलगा घरी जाऊन म्हणाला, "अम्मी, अपनी भी कोई मन्नत हाय क्या?" भाभींनी त्याला मशीनवरची कैची दाखवली आणि मला येऊन सांगितलं. आम्ही दोघी खूप हसलो. घरात आल्यावर मला हसल्याचंच वाईट वाटलं.

हेडसरांनी यावर तोडगा काढला. प्रार्थनेनंतर जाहीर केलं, की ज्याचा नवस आहे त्यानं तो खुशाल पाळावा, पण फेडून आल्यावर तुळतुळीत केलेलं डोकं फाटकात दाखवावं. दुसऱ्या दिवशी सगळे नवस गायब. पोरं एक नंबर मारून हजर. राहिला एकटा माझा मुलगा.

त्या संध्याकाळी त्यानं जेवताना विचारलं, "मम्मी, आता?"

"बघू."

"तू सारखं बघूच म्हणतीस."

खरं सांगायचं तर मी डोकं चालवून थकले होते. यात्रेला गेलोच नाही म्हणून सांगावं? नवस पुढच्या वर्षावर गेला म्हणावं? नवरा धर्माबादला मिरचीच्या आडतीवर कामाला, शनिवारी यायचा तेव्हा कपड्यांना मिरचीचा उग्र वास असायचा आणि दारातच आम्हाला शिंका सुरू व्हायच्या. त्याला विचारलं तर शिंकत शिंकत म्हणाला, "खरं सांगून टाक." मी म्हटलं, खरं सांगूनच तर सुरुवात केली होती. ते कुणी ऐकलं?

दिवाळीला सासरी गेलो. रेणापूरपासून जवळच आमचं गाव. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, नातवाच्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या, "काय रे हे, पोरीवानी वाढवून राहिलास?" आणि मी स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत तो बोलून बसला होता, "आज्जी, नवसाचे हायत. खंडोबाचे. मम्मीनं बोललाय."

त्याला वाटलं, शाळेत चाललेलं नाणं घरीही चालवावं. आत्याबाईंचा हात त्याच्या केसांतच थांबला. मग पदरानं डोळे पुसायला लागल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, सून देवाचं काही करत नाही हे त्यांच्या मनात सलत होतं, आणि मला ते माहीत होतं. त्या माझा हात धरून म्हणाल्या, "बाई, कधी बोललीस गं? पोराला भाजलं तव्हाच ना? मला वाटलंच हुतं."

मी हात सोडवून स्वयंपाकघरात परत गेले. काय सांगणार होते? रात्र व्हायच्या आत त्यांनी शेजारीपाजारी सांगितलं, नणंदेला फोन केला, न्हाव्याला चंपाषष्ठीचं सांगून आल्या. माझ्या एका वाक्याला पाय फुटले होते आणि ते माझ्या पुढे पळत होतं. नांदेडला परतताना एसटीत मुलगा खिडकीशी बसला होता. लातूर मागे पडेपर्यंत तो बाहेरच बघत होता. मग म्हणाला, "मीच येड्यासारखा बोललो." मी म्हटलं, मी त्याच्या आधी बोलले. नवस मोडला तर आत्याबाईंचं मन मोडणार होतं, शाळेत खोटं उघडं पडून डोक्यावर मशीन फिरणार होतं ते वेगळंच. कुठूनही गेलं तरी ती खूण उघडी पडणारच होती. केस वाचवायला मी खोटं बोलले होते आणि त्याच खोट्यानं केस मुळापासून जाणार होते. मला स्वतःचाच इतका संताप आला की पुढच्या थांब्यावर चहा घ्यायलाही मी उतरले नाही.

"तू नाही म्हण," मी त्याला चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी म्हटलं. "मी आत्याबाईंना सगळं सांगते. चिडतील, चिडू देत."

तो नख कुरतडत होता. "आज्जीनं रोडग्याला पीठ दळून आणलंय," एवढंच म्हणाला.

गावाकडच्या खंडोबाच्या देवळासमोरच्या माळावर न्हाव्यानं पोतं अंथरलं. मुलगा मांडी घालून बसला. आत्याबाई केस झेलायला पदर पसरून समोर. येळकोट झाला, पाणी लावलं, वस्तरा फिरला. उजवी बाजू झाली, मग मधली, मग डावी. डावीकडे न्हाव्याचा हात हळू झाला. मी उभ्या जागी पाय बदलत होते. सोडून जावं वाटत होतं आणि हलताही येत नव्हतं. सगळी पाहुणेमंडळी ती जागा बघत होती. आत्याबाईंनी मूठभर भंडारा घेतला आणि नेमका त्या भाजलेल्या जागेवर चोळला. "हितंच तर देवानं हात ठिवला हुता," त्या म्हणाल्या. मुलाच्या डोळ्यांत भंडारा गेला म्हणून, की कशानं, पाणी आलं. त्यानं ते पुसलं नाही.

सोमवारी मी कॉलेजला उशीर होईल असं कळवलं आणि त्याच्यासोबत शाळेपर्यंत गेले. त्यानं निळी टोपी कानांपर्यंत ओढली होती. माझ्या मागे स्कूटीवर बसून तो गुडघा हलवत होता, ते मला पाठीला कळत होतं. फाटकापासून थोडं अलीकडे मी थांबले. तो एकटा पुढे गेला.

पीटीच्या सरांनी त्याला लांबूनच ओळखलं. "आला का नवसवाला! टोपी युनिफॉर्ममध्ये हाय का रे? काढ, बघू दे देवाचं काम!" मागे पोरांची रांग होती. दोन-चार जण हसले.

मुलानं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी स्कूटीवरून अर्धी उतरले होते. त्यानं टोपी काढली.

सरांचा हात सवयीनं डोक्याकडे गेला होता, बोटांची चिमूट झालेली. ती तशीच हवेत राहिली. रांगेतलं हसू थांबलं. "हे काय हाय रे?" सरांनी विचारलं.

"भाजलंय, सर. लहानपणी."

सर माझ्याकडे आले. चेहरा खरोखर उतरला होता, हे मी कबूल करते. "म्याडम, आधी सांगायचं ना हो. आम्ही काय राक्षस हावत का? असं असतं तर मीच म्हणलो असतो की राहू दे केस."

"सांगितलं होतं सर," मी म्हटलं. "पहिल्याच आठवड्यात. इथंच उभी होते."

त्यांनी आठवून बघितलं. त्यांना आठवेना. ते खोटं बोलत नव्हते, आणि त्याचीच मला जास्त चीड आली. ओरडावंसं वाटलं. ते घाईनं परत फाटकाशी गेले आणि मुलाच्या हातातली टोपी घेऊन त्याच्या डोक्यावर ठेवायला लागले. "घाल बाबा, घाल. केस येईस्तोवर तुला सूट हाय. मी हेडसरांशी बोलतो."

मुलानं टोपी परत काढली, दुमडली आणि दप्तराच्या पुढच्या कप्प्यात टाकली.

"राहू द्या सर," तो म्हणाला. "टोपी युनिफॉर्ममध्ये नाही."

तो आत गेला. गजांमधून मैदान दिसत होतं. वर्गाच्या रांगेत तो आपल्या जागी उभा राहिला आणि शेजारच्या पोरानं त्याच्या डोक्याकडे बघून काहीतरी विचारलं. काय विचारलं, ते मला ऐकू आलं नाही. शिपायानं फाटक ओढून घेतलं. मला निघायला हवं होतं, मी निघाले नाही. प्रार्थना सुरू झाली तरी मी फोन हातात धरून तिथंच उभी होते.