नव्या रंगाचा जुना ट्रक

माझा धाकटा भाऊ नांदेडला सरकारी कचेरीत कारकून आहे, दोन लेकरांचा बाप आहे, आणि अजून खेळण्यातले ट्रक विकत घेतो. साधे ट्रक नाहीत; पिळले, दुमडले की त्यांचा माणूस होतो, रोबोट म्हणतात तो. तेही वेगवेगळे घेतले असते तर मी समजून घेतलं असतं. हा बाबा एकच ट्रक परत परत घेतो. कंपनी काही वर्षांनी तोच जुना साचा बाहेर काढते, रंग बदलते, कुठं डोकं नवं बसवते, आणि नवा माल म्हणून विकते. हा शहाणा लगेच मागवतो. "अरे, मागच्या खेपेला हाच तर होता!" म्हटलं की चिडतो.

"न्हाई अक्का, नीट बघ. मागचा काळा होता, ह्याला हिरवा पट्टा हाय. अन् खांद्याची खीळ बदललीय."

मी कपाळावर हात मारून घेते. त्याच्या बायकोनं तर आता बोलणंच सोडलंय.

पण त्याला नुसतं हसता येत नाही मला, कारण पहिला ट्रक आला तेव्हा मी तिथं होते. भूकंप होऊन गेला होता. आम्ही अंगणात झोपलो होतो म्हणून वाचलो. घर गेलं, बैल गेले, औत-अवजारं सगळी दगडाखाली. पत्र्याच्या शेडमध्ये राहायचो. मदतीचे कपडे यायचे गठ्ठ्यानं, त्यात कुणा परदेशी माणसाचे लोकरीचे कोट, जे आमच्याकडं थंडीतसुद्धा कुणी घालणार नाही. बायका ते कोट अंथरून ज्वारी निवडायच्या. अशाच एका गठ्ठ्यात भावाला ट्रक सापडला. लाल, समोरून निळा. मदतीला आलेल्या एका मुलीनं तो पिळून दाखवला आणि ट्रकचा माणूस झाला. त्याला मुठी नव्हत्या. कुठंतरी हरवल्या असतील आधीच्या घरात. नुसते खुंटासारखे हात. भाऊ तेव्हा शाळेतही जात नव्हता, भूकंपापासून नीट बोलतही नव्हता. त्या दिवशी शेडभर पळत सुटला आणि दिसेल त्याला सांगत होता, "ह्यो माणूस हाय! आतून माणूस हाय!"

मग दसरा आला. गावात घरोघर सुतक, सण कोण करतंय? पण आईचं म्हणणं, सण नाही केला तरी चालेल, वाहनाची अन् अवजाराची पूजा चुकवायची नाही, वर्षभर घर उपाशी राहतं. अवजार तर एक उरलं नव्हतं. तिनं भावाच्या हातातला ट्रक घेतला. घरातलं एकच वाहन! पाण्यानं धुतला, वर दुधाचा हात फिरवला, हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, हात जोडले. आमच्या बापानंही टोपी काढून हात जोडले. दुसऱ्या दिवशी भाऊ ट्रक पिळायला गेला तर पिळेना. सांध्यात दूध अन् हळद सुकून बसलेली, आतली खीळ नंतर गंजली. मग बापानं पक्कड लावली आणि खीळ मोडलीच. माणूस आतच राहिला. भाऊ इतका रडला की आईनं स्वतःच्या तोंडात मारून घेतलं.

आता हे झालं तेव्हाचं. पुढं आम्ही वाढलो, लग्नं झाली, मी अहमदपूरला आले. आमचे हे शाळेत मास्तर. आणि भूकंपानं अहमदपूरचं जे घर हलवलं नव्हतं ते शिकवणी-वर्गांनी हलवलं. लातूरला आता ही रीतच पडलीय: पोरगं डॉक्टरकीच्या परीक्षेच्या तयारीला, आई त्याच्यासोबत खोली करून भाकरी थापायला, आणि बाप गावाकडं एकटा. मीही लेकासोबत तशीच लातूरला आले. आमच्या इमारतीत मजल्या-मजल्यावर अशी एकेक आई. संध्याकाळी जिन्यात भेटलो की कुणी कुणाला "जेवलीस का" विचारत नाही, "किती मार्क पडले" विचारतो. नंबर हुकून पोरगं परत परीक्षेला बसलं की त्याला रिपीटर म्हणतात. माझा लेक एकदा रिपीटर झाला, तरी पुरेसे मार्क पडले नाहीत. आता पुन्हा व्हायचं का, हा प्रश्न होता.

ह्यांचं फोनवर एकच पालुपद. "अजून एक वर्ष. एका वर्षानं काय बिघडतंय?" पोरगं काही बोलायचं नाही. मीही नाही. खरं सांगू? मी थकून गेले होते. त्या खोलीला एकच खिडकी, ती समोरच्या शिकवणी-वर्गाच्या जाहिरातीकडं उघडते. पास झालेल्या पोरांचे हसरे फोटो, चोवीस तास. त्यांच्याकडं बघत कणीक मळायची. जीव विटला होता नुसता. पण पोराला वाटत असेल अजून एकदा बसावं, तर आईनं पाय मागं घ्यायचा का? म्हणून गप्प.

रविवारी ठरवायचं होतं. सोमवारी नव्या तुकडीचे प्रवेश बंद होणार होते. आणि नेमका रविवारीच भाऊ नांदेडहून एस्टीनं आला. येताना अहमदपूरला उतरून ह्यांनी दिलेलं ज्वारीचं पीठ घेतलं, आणि काखेत खोकं.

"आता कोणता रंग?" मी विचारलं. माझा आवाज चढलाच होता.

"पिवळा. पण अक्का, रंग सोड. साचाच सुधरवलाय. मुठी आतच दुमडतेत. हरवायचं कामच न्हाई!"

त्यानं ट्रक माझ्या लेकाच्या हातात दिला. इथं एक गोष्ट सांगायला हवी, एवढे ट्रक घेतले तरी माझा भाऊ एकही पिळत नाही. सगळे कपाटात ट्रकच. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "माणूस झाला की मला त्याची वळख लागत न्हाई." लेकानं मात्र आत-बाहेर करून बघता बघता माणूस उभा केला. मनगटातून टक्कन मुठी बाहेर आल्या. भाऊ बघतच राहिला. चष्मा काढून पुसला, परत घातला.

"मामा, हे एकच किती वेळा काढतेत?" लेकानं विचारलं.

"लोक घेतेत तंवर."

"अन् लोकांनी घेणं सोडलं तर?"

"साचा ठिवून देतेत. त्याला काय हुतंय?" भावानं माणूस हातात घेतला, मुठी आत-बाहेर केल्या, आणि मान वर न करताच म्हणाला, "तुला बसायचंय का रे परत परीक्षेला?"

इतकं सरळ. जसं चहा घेतोस का विचारावं. मी पीठ डब्यात ओतत होते, ती तशीच थांबले.

"न्हाई," लेक म्हणाला. मग घाबरून माझ्याकडं बघितलं. "पण आई एवढं करून राहिली माझ्यासाठी. मी कसं सोडू? तिची लई इच्छा हाय."

"माझी?" मी ओरडलेच. "अरे माझ्या बाबा, माझी कसली इच्छा! मी तुझ्यासाठी राहिले इथं! मला तर ह्या खोलीत श्वास घेता येत नाही!"

"मग मी कुणासाठी बसलो होतो?" लेक म्हणाला.

भाऊ हसायला लागला, मग लेक, मग मीही, आणि माझ्या हसण्याचं मधेच रडं झालं. पिठाचे हात डोळ्याला लावले तर डोळे आणखीच चुरचुरले. बरं वाटलं हो. लेकाचं डॉक्टर होणं बुडालं आणि मला बरं वाटलं, हे आता कुणी काही म्हणो.

"पण बाबांना तू सांग," लेक म्हणाला. "मला भ्या वाटतंय."

भ्या तर मलाही वाटत होतं. हे रागीट नाहीत, पण एकदा मनात घेतलं की सोडत नाहीत. चार माणसांत सांगून बसले होते, पोरगं डॉक्टर होणार म्हणून. फोन लावला. काय काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं, भांडायचीही तयारी होती. ह्यांनी उचलल्यावर सगळं विसरले आणि एका दमात सांगून टाकलं: आम्ही ह्या वर्षी प्रवेश घेत नाही, पोराला नको आहे, मलाही नको आहे, तुम्हाला काय बोलायचं ते बोला.

मला वाटलं फोन कटला.

"ऐकताय ना?"

"ऐकतोय," ते म्हणाले. मग, लहान लेकरानं विचारावं तसं, हळूच म्हणाले, "म्हणजे तू घरी येणार?"